वांगं न खाणारे वांगेनाना

जळगावच्या भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगापुढे उभं राहायचं, एकेक वांगं हातात घ्यायचं, देठापासून बुडापर्यंत फिरवून कौतुकानं न्याहाळायचं आणि पुन्हा हलकेच जागेवर ठेवायचं, असं करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुसऱ्या कुणी एवढा माल हाताळला असता तर भाजीवालीनं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली असती. नानांना मात्र ती काही म्हणत नसे. उलट मागच्या गिऱ्हाइकाला सांगायची, "नानानं हात लावेल वांगं घ्या, त्याच्यात कीड निघायची नाही." नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत, पिशवीत दोडकी आणि सुरणाचा तुकडा टाकत आणि पिंप्राळ्याची वाट धरत. वांगं त्यांनी कित्येक वर्षांत तोंडात घातलेलं नव्हतं. म्हणूनच शाळेतली पोरं त्यांना वांगेनाना म्हणत. नावं ठेवण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

मी मूळची धुळ्याची. साठच्या दशकात जळगावच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागले, तेव्हा पिंप्राळ्यात एका मारवाडी जैन व्यापाऱ्याच्या आवारात मला खोली मिळाली. मागच्या अंगाला तीन खोल्या एका ओळीत. एकीत घरमालकाचं सरपण, मधलीत मी, तिसरीत नाना. नाना माझ्याच शाळेत शास्त्र शिकवायचे. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरी टोपी, आणि दारात दोन कुंड्या. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन साक्रीकडे गेलेली. दोन्ही खोल्यांमधली भिंत इतकी पातळ होती की त्यांनी ताट मांडलं की मला ऐकू येई. एकच ताट, एकच वाटी, एकच तांब्या. माझ्याकडचा आवाजही तेवढाच होता म्हणा.

पहिल्याच संध्याकाळी शेजारधर्म म्हणून मी वाटीभर शेवभाजी घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी वाटीत डोकावून विचारलं, "यात मिरची आहे का हो, बाई?" शेवभाजीत मिरची आहे का, हे खानदेशात विचारणं म्हणजे विहिरीत पाणी आहे का असं विचारणं. मी म्हटलं, "असणारच की." तर म्हणाले, "मग मला चालायची नाही. पण थांबा." त्यांनी मला भाजी माझ्या पातेल्यात परत ओतायला लावली, वाटी स्वतः घासली, तीत दोन चमचे साखर घातली आणि हातात दिली. "शेजारच्याची वाटी रिकामी पाठवू नये. तिचा नियम होता." ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. पुढे मी कितीदा तरी वाटी नेली. प्रत्येक वेळी त्यांनी आतला पदार्थ परत केला आणि वाटी भरून दिली, कधी गुळाचा खडा, कधी चार शेंगा. माझ्या हातचं काही त्यांनी खाल्लं नाही.

त्यांच्या व्रताची हकिगत मला एका हिवाळ्यात, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलताना कळली. नानांची बायको सावद्याकडची. तिच्या हातच्या भरताची कीर्ती दोन तालुक्यांत होती म्हणतात. निदान नाना तरी म्हणत. ती गेल्यावर तिच्या अस्थी घेऊन ते काशीला गेले. आपल्याकडे काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट गंगेला सोडून यायची रीत आहे. बरीचशी माणसं यात हुशारी करतात. माझ्या मावशीनं फणस सोडला होता, आणि धुळ्यात फणस बघायला मिळणं मुश्कील. नानांनी ओंजळीत पाणी घेऊन वांगं सोडलं. "दुसरं काही आवडत नव्हतंच मला," ते म्हणाले.

इथवर ठीक होतं. वांगं सोडलेली माणसं गावोगाव सापडतील, आणि चातुर्मासात तर सगळेच सोडतात. पण काशीहून परतल्यावर लवकरच नाना अकरावीच्या वर्गावर वनस्पतींची कुळं शिकवायला उभे राहिले. फळ्यावर त्यांनी वांग्याचं फूल काढलं आणि पोरांना विचारलं, याचे भाऊबंद सांगा. पोरं सांगत गेली, नाना लिहीत गेले. बटाटा, टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची. मागच्या बाकावरून कुणी तंबाखू म्हणालं, तीही लिहिली. देवाला वाहायचा धोतरा लिहिला, रानातली भुईरिंगणी लिहिली. मग फळ्याकडे बघताना त्यांच्या हातातला खडू थांबला. "बाई, माझ्या मनात आलं, गंगेला आपण नाव एकाचंच सांगितलं, पण घर तर हे सगळं एक आहे. मग मी फसवलं की तिला." त्या दिवसापासून त्यांनी सगळं कूळ सोडलं. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस आणि काशीची रीत एका डोक्यात राहायला आली की असं होतं.

त्या कुळाबद्दल बोलताना मात्र नाना खुलत. एरवी तोंडातून शब्द विकत घ्यावा लागे. "टोपी बघा, बाई," हे त्यांचं पालुपद. "फळ झालं की बाकीच्या फुलांची खालची हिरवी पानं बहुधा गळून जातात. ही मंडळी टोपी काढत नाहीत. वांगं बघा, मिरची बघा, टोमॅटो बघा, डोक्यावर टोपी आहेच." मग फूल. पाच पाकळ्या बुडाशी जोडलेल्या, चांदणीसारख्या, मधे पिवळे केसर. वांग्याचं जांभळं, बटाट्याचं पांढरं, टोमॅटोचं पिवळं, पण चेहरा एकच. आमच्याकडच्या म्हाताऱ्या टोमॅटोला बेलवांगं म्हणायच्या, याचा त्यांना फार आनंद. म्हणायचे, त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं होतं? धोतरा विषारी, मग तो या घरात कसा, असं मी एकदा विचारलं. "प्रत्येक घरात एक असतो," नाना म्हणाले. "म्हणून काय त्याला नावातून काढायचं?" पोरं मागून म्हणायची की टोपी न काढणाऱ्यांत नानांचंही नाव घालायला हवं.

आता खानदेशात राहून मिरची, वांगं, बटाटा आणि टोमॅटो सोडले तर माणसानं जेवायचं काय? मी त्यांना म्हणायचे, "नाना, यापेक्षा श्वास घ्यायचं सोडलं असतं तर लवकर सुटला असता." ते हसायचे आणि मला शिकवायचे, काळी मिरी या कुळातली नाही, रताळं नाही, आलं नाही, कांदा नाही. एवढ्यावर त्यांचा स्वयंपाक चाले. मिरीचं वरण, आल्याची दुधीभाजी, एकादशीला रताळं. कुठल्या लग्नात गेले की आहेर करून जेवायच्या आधी निघायचे. बारशाला गेले की पेढा घेऊन उठायचे. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "माझ्यापायी तुम्हाला वेगळी फोडणी नको." हळूहळू लोकांनी आग्रह सोडला, मग बोलावणंही सोडलं.

ते मी डोळ्यांनी पाहिलं. मार्गशीर्षात वांगेसटीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगं पुन्हा ताटात येतं, आणि त्यानंतर खानदेशात शेतोशेत भरताच्या पार्ट्या सुरू होतात. आमची शाळाही एका शिक्षकाच्या शेतात जायची. पहिल्या वर्षी नाना आले. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ त्यांनीच केला, वांगी त्यांनीच निवडली आणि त्यांनीच भाजली. देठ धरून वांगं असं वळवायचे की साल काळी पडावी पण गर जळू नये. मग बाकीच्यांनी ती लाकडी बडगीत घालून ठेचली, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे पडले, वासानं सगळं शेत भरून गेलं. पंगत बसली आणि नाना बांधावर जाऊन दही-भाकरी खात बसले, आमच्याकडे पाठ करून. दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, नानांना उगाच त्रास कशाला द्यायचा, त्यांना सांगू नका. आम्ही सकाळी पिशव्या घेऊन निघालो तेव्हा नाना दारात कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या पातीकडे पाहिलं. "काड्या वाळलेल्या घ्या म्हणावं," एवढंच म्हणाले आणि पाणी घालत राहिले.

त्यांची मुलगी शकू दिवाळीला यायची. दोन दिवस घर घासूनपुसून, नानांना मिरीचं जेवण करून घालून परत जायची. साक्रीजवळच्या गावात तिच्या सासरची मिरचीची शेती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, अशी जुनी रीत. ती नानांनी पाळली. मग शकूला मुलगी झाली, रीत संपली, पण तोवर काशी झाली होती. नाना साक्रीला जात, नातीला मांडीवर घेत, घोटभर पाणी पीत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. शकू एकदा माझ्या खोलीत बसून रडली. "दोन वर्षांनी नाना रिटायर होतील. मी म्हणते, माझ्याकडे या. ते म्हणतात, तुझ्या घरात माझ्यासाठी दुसरी चूल नको. मी काय सासूबाईंना चूल मोडायला सांगू? आई गेली ती गेली, नाना का जिवंतपणी जातात?" मी पोरीसाठी लाडू बांधून दिले.

उत्तर दिलं ते बाईजींनी. बाईजी म्हणजे आमच्या घरमालकाची आई, राजस्थानातून सून म्हणून आलेली आणि जळगावात म्हातारी झालेली. कांदा, लसूण, बटाटा, वांगं तिच्या घरात कधी शिरलं नव्हतं, चौमासात हिरवी भाजीही बंद. नानांविषयी तिला मोठा आदर. "मास्तरजी आमच्या साधूंच्या पुढे गेले," असं सगळ्यांना सांगायची. पण शकूचं रडणं तिनं ओट्यावरून ऐकलं असावं. शकू गेल्यावर ती पदर सावरत नानांच्या दाराशी आली आणि उभ्यानंच बोलली. मी माझ्या उंबऱ्यात होते.

"मास्तरजी, आमच्यात पचखाण घेतात ना, नियम, तेव्हा आधी छूट बोलून ठेवतात. आजार आला तर चालेल, गुरूंनी सांगितलं तर चालेल. बिगर छूटचा नियम माणसाला खाऊन टाकतो. तुम्ही छूट ठेवली नाही."

नाना म्हणाले, "आता कशी ठेवणार, बाईजी? बोलून बसलो."

"काय बोलले? गंगामैयाला बैंगन बोलले. बाकीचं तिनं कुठं मागितलं? ते तुम्ही आपल्या मनानं नेऊन टाकलं. आम्ही एवढं सोडतो, पण ताटं एकत्र लागतात. तुम्ही भाजी नाही सोडली, मास्तरजी. तुम्ही माणसं सोडली."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना बोडकं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाईजी गेली. भिंतीपलीकडून त्या रात्री ताटाचा आवाज आला नाही.

त्या उन्हाळ्यात शकूच्या मुलीचं जावळ होतं. मी सुटीसाठी धुळ्याला चालले होते. भावाचं घर म्हणजे भावजयीचं घर, तिथं माझी घाई कुणालाच नव्हती. नाना म्हणाले, "बाई, साक्रीपर्यंत याल का? सोबत होईल." त्यांच्या तोंडी सोबत हा शब्द मी नवाच ऐकत होते. धुळ्याला गाडी बदलल्यावर म्हणाले, "जेवायच्या वेळी उठलो तर तुम्ही मला थांबवू नका." मी हो म्हटलं. मनातून मात्र मला त्यांचा रागच आला होता.

शकूच्या सासरी अंगणात मांडव होता. तीन बाजूंना मिरचीची शेतं, ओसरीवर लाल मिरच्यांची पोती, नाकात सारखा त्यांचा झोंबणारा खाट. पंगत बसली. नाना उठायला लागले तेवढ्यात शकूची सासू, सगळे तिला अक्का म्हणत, परात घेऊन पुढे आली आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं. "नाना, बसा. तुमनं ताट येगळं नही."

वाढप झालं. पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. भाजीत मिरची नव्हती, आमटीत नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या शकूच्या चुलत सासऱ्यांनी घास तोंडात फिरवून विचारलं, "भाजीमा मिरची टाकानं भुली गयात का?"

अक्का तिथूनच म्हणाली, "भुलनूत नही. आज बठ्ठासले मिरीच शे. आमना नाना जेवाले बसेल शेत." 

ते गृहस्थ एकदा नानांकडे आणि एकदा ताटाकडे बघून गप्प खाली मान घालून जेवायला लागले. मिरचीवर पोट भरणारी, ठेच्याशिवाय घास न उचलणारी सगळी पंगत एका माणसासाठी फिकं जेवत होती, आणि कुणी नाक मुरडलं नाही. शकू खांबाआड उभी होती. तिनं वाढायचंही सोडलं होतं.

नानांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "अक्का, घरात ठेचा आहे का?"

"शे ना. पन तुमले..."

"आणा. सगळ्यांना वाढा. गंगेला मी वांगं दिलं होतं. मिरची माझ्या मनानं दिली. या लोकांना माझ्या उपासात बसवायचा मला अधिकार नाही."

ठेचा आला. नानांनी भाकरीच्या तुकड्यावर बोटभर घेतला आणि खाल्ला. इतक्या वर्षांनी त्या जिभेवर तिखट पडलं, जो ठसका लागला तो थांबेना. चेहरा लालबुंद, नाकाडोळ्यांतून पाणी. शकू गुळाचा खडा घेऊन धावली, अक्कानं ताक आणलं, चुलत सासरे पाठ थोपटायला उठले. सगळी पंगत खो-खो हसत होती आणि नानाही त्यात हसत होते. ते पाणी सगळं मिरचीचं नव्हतं, हे शकूला आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी नाना पोटभर जेवले आणि संध्याकाळची गाडी त्यांनी सोडून दिली.

वांगं मात्र त्यांनी पुढेही शिवलं नाही. तेवढं गंगेचं होतं.

पुढच्या वर्षी नाना रिटायर झाले आणि साक्रीला निघाले. सामान एक ट्रंक, एक वळकटी आणि दोन कुंड्या. मी सकाळी उठून शेवभाजी केली, झणझणीत. वाटी भरून नेली. नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि उभ्यानंच चाखली. "मीठ बेताचं आहे, बाई. मिरची मात्र तुमच्या धुळ्याची." मग त्यांची चलबिचल सुरू झाली. खोली आवरली होती, डबे बांधले होते, वाटीत घालून द्यायला घरात काहीच उरलं नव्हतं. "नाना, राहू द्या वाटी," मी म्हटलं. "परत कराल तेव्हा भरून द्या." त्यांनी वाटीवर फडकं बांधलं आणि ती पिशवीत उभी ठेवली. रिक्षा वळेपर्यंत मी हसत होते. खोलीत आल्यावर मात्र मला बसवेना. इतके दिवस मला वाटायचं की एकटे नाना आहेत आणि मी त्यांची शेजारीण आहे. भिंतीपलीकडचा तांब्याचा आवाज बंद झाल्यावर कळलं, एकटी तर मीही होते. त्यांच्यामुळे ते जाणवत नव्हतं, एवढंच.

वर्षं गेली. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी आली आणि गेली, पिंप्राळ्याच्या रस्त्यावर स्कूटर धावायला लागल्या. नानांच्या खोलीत भाडेकरू आले-गेले. साक्रीकडचं कुणी भेटलं की कळायचं, नाना मजेत आहेत, नातीला फुलं ओळखायला शिकवतात, अक्काच्या परसात वांगी लावली आहेत आणि सगळ्या गावाला वाटतात. वाटी आली नाही, आणि ती येत नाही याचं मला बरं वाटायचं.

एका पौषात दुपारी शकू दारात उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली वाटी. मी ती पाहिली आणि मला कळलं. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "झोपेतच गेले. त्रास काही झाला नाही. आदल्या दिवशी म्हणाले होते, बाईंची वाटी राहिली आहे, रिकामी नेऊ नको." फडकं सोडलं तर आत वांग्याचं बी होतं, राखेत घोळवून वाळवलेलं. तिच्या आईच्या सावद्याकडचं भरताचं वांगं. नानांनी परसात लावून दरवर्षी स्वतः बी धरलं होतं.

पावसाळ्यात मी ते आवारात पेरलं. बाईजी फार थकली होती, खाटेवरून म्हणाली, "लावा टीचरबाई. आम्ही खात नाही, पण उगवू नये असं कुठं आहे?" रोपं झाली, जांभळी चांदणी फुलली, वांगेसटीपर्यंत हाताएवढी हिरवी वांगी धरली. पहिलं वांगं तोडलं तेव्हा मी आधी त्याची टोपी पाहिली. मग स्टोव्हवर भाजलं, मिरच्या घालून भरीत केलं आणि सवयीनं वाटी भरून डावीकडच्या, नानांच्या जुन्या दारात गेले. तिथं तेव्हा एक नवं जोडपं राहत होतं. त्या मुलीनं हसून वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी परत देऊन गेली. भरीत छान झालं होतं म्हणाली. वाटी लख्ख घासलेली होती, आणि रिकामी. तिचं काही चुकलं नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती गेल्यावर मी डबा उघडला, वाटीत दोन चमचे साखर घातली आणि ती फडताळात ठेवली.